मानलेली गैरहजेरी

प्रिय आई,

गाडी निघाल्यावर ड्रायव्हरदादांनी हे पत्र हातात ठेवलं की गडबडू नकोस. घाटात फोन लागत नाही आणि रस्ता लांबचा, म्हणून मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. चष्मा लाव. गाडीत वाचलं की तुला मळमळतं हे मी विसरलेले नाही, म्हणून अक्षर मोठं काढलंय. पुढच्या सीटच्या खिशात लिंबाच्या गोळ्या आहेत.

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "तू म्हणे पाखरांसाठी जागा शोधतेस. मग या म्हातारीलाही शोध की एखादा कोपरा!" तुझे 'हे' गेले, त्यांच्या मुलीने घर विकायला काढलं, आणि इतक्या वर्षांनी तुला माझा नंबर सापडला. मीही हसले. रविवारी गाडी पाठवते, एवढंच म्हणाले.

माझं काम काय ते तू कधी विचारलं नाहीस, तर आज सांगते. डोंगरावर झाडं संपतात त्याच्याही वर, मुठीत मावेल एवढा एक पक्षी दगडांच्या फटीत घरटं करतो. खाली ऊन वाढतंय तसा तो दर वर्षी थोडा वर सरकतो. डोंगर काही वर सरकत नाही. आमची मंडळी पहाटे चढून जातात आणि नराचं गाणं ऐकू आलं की नकाशावर खूण करतात. मग मी त्या खुणा कॉम्प्युटरला शिकवते: उंची किती, उतार कसा, बर्फ कधी वितळतं, पायवाट किती लांब. तो सगळ्या डोंगराचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकाला शून्य ते एकच्या मधला आकडा देतो. आकडा एकच्या जवळ असला, म्हणजे इथे पिल्लं वाढू शकतील.

गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटरला 'आहे' कळायचं तर 'नाही'सुद्धा दाखवावं लागतं. आणि 'नाही' कुणी टिपून आणत नाही; माणसं दिसलं तेवढंच सांगतात. मग आम्ही नकाशावर डोळे मिटून ठिपके टाकतो आणि धरून चालतो, की इथे कुणी नाही. खरं तर तिथे कुणी पाहिलेलंच नसतं. याला आम्ही मानलेली गैरहजेरी म्हणतो. ऑफिसात नवीन आलेली मुलगी हळहळली, "अहो, पण तिथे घरटं असलं तर?" मी म्हटलं, असेल बाई. आपल्या नकाशात नाही.

घरी मात्र उलटं होतं. मी नऊ वर्षांची असताना तू त्यांच्याबरोबर गेलीस, आणि बाबा तुला हजरच मानत राहिले. तुझ्या चपला दाराशी तशाच. शेजारच्या काकूंनी विचारलं की म्हणायचे, "बाहेरगावी गेलीय." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे, तिथून फाटक दिसायचं. पायरी तापायची, मुंग्या चावायच्या, तरी तीच. आमचे पक्षीही असेच. घरटं मोडलं तरी पुढच्या वर्षी त्याच फटीत येतात. आमच्या कामात त्याला निष्ठा म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही.

सतरा वर्षांची झाल्यावर मी तुझ्याकडे आले होते. हे तुला माहीत नाही. टळटळीत दुपार होती, फाटकाला आतून कडी होती. तू व्हरांड्यात बसून त्यांच्या मुलीच्या केसांना तेल लावत होतीस. "चिमणे, मान हलवू नकोस गं." माझंच नाव. मला वाटत होतं, जाताना ते तरी तू घरी ठेवून गेलीस. फाटक वाजलं. तिने विचारलं, "कोण आहे?" तू मान वर केलीस, उन्हाने डोळे बारीक केलेस, हात तिच्या केसांतच होते, आणि म्हणालीस, "कुणी नाही." मी परत स्टँडवर आले. रडूबिडू आलं नाही. भूक लागली होती, एवढं आठवतं.

तुझा फोन आल्यापासून मी घरात फिरून तुझ्यासाठी जागा पाहतेय. मागची खोली कोरडी आहे. लिफ्ट आहे, बाथरूमला उंबरा नाही, दवाखाना गल्लीच्या टोकाला. आकडा काढलाच तर एकला टेकेल. पलंगावर नवी चादर घातली, खिडकीत बसून पाहिलं, तू इथे बसशील म्हणून. उठून चादर पुन्हा एकदा सारखी केली. पण पुष्कळ चांगले चौकोन रिकामेच राहतात, आई. ते का, हे कॉम्प्युटर सांगत नाही.

एव्हाना घाट संपला असेल. माझ्याकडे यायला पुलानंतर उजवीकडे वळावं लागतं. गाडी सरळ गेली असेल. वृद्धाश्रम स्वच्छ आहे, मी दोनदा जाऊन पाहिला. तुला पहाटेच जाग येते म्हणून खोली पूर्वेची घेतली. कपाटात तेलाची बाटली आहे. तिथल्या मुली मायाळू आहेत, केसांना लावून देतील. उतरताना जपून, दाराशी पायरी आहे. तुझं नाव नोंदवताना मॅनेजरबाईंनी विचारलं, "यांच्या जवळचं कोण?" माझ्याही डोळ्यांवर ऊन येत होतं. मी म्हटलं, कुणी नाही.

तुझीच,
पहिली चिमणी