बाईंनी पाहिलेली दरी

२२ मार्च १९८४, गुरुवार. शाळा सुटल्यावर.
चौथी 'ब'ला आज सह्याद्री शिकवला. उत्तम झाला. पहिल्या बाकावरच्या सुझानने मध्येच विचारलं, बाई, दरी किती खोल असते, तुम्ही पाहिलीय? म्हटलं, पाहिलीय, महाबळेश्वरला, आर्थर सीटच्या कठड्याला टेकून. मग कशी दिसते सांगा ना, म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली. आमचा शिपाई देवमाणूस.
याला खोटं म्हणता येणार नाही. एकोणीस वर्षं तो धडा शिकवतेय. डोळे मिटून नकाशावर आर्थर सीट दाखवीन. जायचं तेवढं राहिलंय.

३ एप्रिल, मंगळवार.
ठराव. मेच्या सुट्टीत महाबळेश्वर. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा बोललेलं खरं झालेलं असेल. हाच वर्ग पाचवीतही माझ्याकडे आहे आणि सुझान विसरणाऱ्यांतली नाही.
जेवताना आमच्या ह्यांना सांगितलं. म्हणाले, मे महिन्यात केळीला पाणी कोण घालणार, तुझा भूगोल? आमच्या उमराळे गावाबाहेर ह्यांना जगच नाही. पंचवीस वर्षांत वाडी सोडून गेले ते फक्त लग्नांना आणि मयतांना. मी पडले निसर्गवेडी. चालायचंच.

१४ एप्रिल, शनिवार.
उद्या झावळ्यांचा रविवार, म्हणून कन्फेशनला जाऊन आले. आर्थर सीटचं फादरांना सांगितलं नाही. नीट विचार करूनच. जे महिनाभरात खरं होणार ते पाप कसं? त्याला आगाऊ खरं म्हणायचं. फादर दमलेले होते. त्यांना एवढा बारीक फरक समजावत बसणं बरं दिसलं नसतं.

२४ एप्रिल, मंगळवार. सकाळ.
आजपासून सराव. विरारला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या. छान चढले. साठेक पायऱ्यांनंतर सहज मागे वळून पाहिलं आणि ठरवलं, पहिल्या दिवशी एवढं पुरे. उतरताना बसून उतरले, एकेक पायरी. गुडघे वाचतात. फुलंवाली ओरडली, ओ बाई, चक्कर आली काय, लिंबू देऊ? शास्त्रशुद्ध उतरणं लोकांनी पाहिलेलंच नसतं.
उद्यापासून रोज.

३० एप्रिल, सोमवार.
सराव राहिला. पेपर तपासायचे होते.
पण हे तयार झाले! शेजारच्या वाडीतले हरेश्वर आपणहून म्हणाले, फर्डिनंडदादा, जा की, तुमच्या केळीला मी काय ताडी पाजणार आहे? ह्यांना दुसरी सबब सुचेना. चेहरा मात्र असा, जणू काळ्या पाण्याची शिक्षा झालीय. डोंगराचं नाव काढल्यावर आनंद व्हायला तसं मन लागतं.
परतताना पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या मावसबहिणीला, सिस्टर कार्मिनला भेटायचं. रिकाम्या हाताने जायची आपल्यात रीत नाही. मुठेळी केळ्यांच्या चार फण्या नेतेय. हे म्हणाले, पाचगणीत केळी मिळतात गं. मिळत असतील. मुठेळी मिळत नाहीत. हिरवी नेतेय, नेमकी पोहोचायच्या दिवशी पिकतील.

४ मे, शुक्रवार. महाबळेश्वर.
पोहोचलो. पोलादपूरनंतरचा घाट अप्रतिम, असं एस.टी.तले सगळे म्हणत होते. नेमकी तेव्हाच माझी केसातली पिन पडली. घाट संपेपर्यंत वाकून सीटखाली शोधत होते. हेही वाकून शोधायला लागले. बायकोची एवढी काळजी, हे मान्य करायला हवं. पिन केसातच होती.
इंजिनाच्या धगीने केळी आजच पिकली. सगळ्या बसला वास.

५ मे, शनिवार. संध्याकाळ.
टॅक्सी केली. ड्रायव्हर रामनाथ, बोलका माणूस. पाच पॉइंट झाले. म्हणजे टॅक्सीने झाले. जिथे जावं तिथे माकडं. केळी लॉजवर ठेवावीत तर खिडकीला गज नाहीत. तेव्हा काचा लावून, पिशवी मांडीवर घेऊन मी आतच बसले. रामनाथ म्हणाला, ताई, टाका दोन-चार केळी त्यांना आन या खाली. म्हटलं, सिस्टरची आहेत. केट्स पॉइंटला एक माकड बॉनेटवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होतं. मीही बघितलं. तेही निसर्गदर्शनच.
हे प्रत्येक पॉइंटला उतरून दहा मिनिटांत परत. काय पाहिलं म्हणून विचारावं, तर चहावाल्याचे गाजराचे वाफे. माती लाल आहे, पाणी ठरत नाही, शेणखत कमी पडतंय. पाचही ठिकाणी तेच. समोर सह्याद्री उभा आणि हा माणूस शेणखत बघतो!
आर्थर सीट मुद्दाम राखून ठेवलंय. घाईघाईने बघायची जागा नाही ती.

६ मे, रविवार.
सकाळी चर्चमध्ये मिस्सा. मिस्सा बुडवून दरी बघणं मला पटत नाही. नंतर ऊन. उन्हात दरी उथळ दिसत असणार. दुपारी पडले. संध्याकाळी बाजारात चपला घेतल्या.
केळी काळी पडली. हे उठले आणि माझ्यादेखत सगळी लॉजवाल्याच्या म्हशीला घालून आले. कार्मिनला जॅम नेऊ म्हणाले. रामनाथ दारातच उभा होता. म्हणाला, चला, ताईंचे हात मोकळे झाले.
हो. झाले.

७ मे, सोमवार. दुपार.
आर्थर सीट झालं.
उतरले. चालले. रामनाथही वाट दाखवत कठड्यापर्यंत आला. कठड्याच्या लोखंडी नळीला दोन्ही हातांनी धरलं. वारा खालून वर येत होता. वारा असाही येतो, हे आमच्या पुस्तकात नाही. मग लक्षात आलं, माझे डोळे मिटलेले आहेत. कधीपासून, ते सांगता येणार नाही. तीन आकडे मोजून उघडायचं ठरवलं. मग दहा. मग वीस. उघडले नाहीत.
ह्यांना हळूच सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला, घामाने भिजलेला. म्हटलं, तुम्ही सांगा काय दिसतंय. मग म्हणाले, खोल आहे गं. आपल्या शंभर विहिरी एकावर एक ठेवल्यासारखं. तळाला पाट आहे. पाटाच्या कडेने सुपारीची झाडं, ओळीने. एक बाई धुणं धुतेय. मी विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं? म्हणाले, निळं.
एवढ्या उंचीवरून लुगड्याचा रंग दिसला, म्हणजे हवा किती स्वच्छ! वर्गात सांगायला याहून जास्त काय लागतं. मन अगदी हलकं झालं.
टॅक्सीत बसलो. रामनाथने आरशात बघत विचारलं, ताई, दादा, तुमी दोघंबी डोळे मिटून काय करत हुता तिथं? प्रार्थना?
हे म्हणाले, हो, प्रार्थनाच.
मी मान डोलावली. आता घरात खोटं बोलणारे दोघं झालो.