नेट गेलं की पाणी येतं

मुक्काम माले, ता. मुळशी

श्री. रा. रा. अमोघ यांस शैलेशचा नुसती मान लववून नमस्कार. (कंबर वाकत नाही, आठ महिने काकांच्या पाटावर बसून कोडिंग करतोय.) तुझे डोळे, पाठ आणि हिंजवडीचा ट्रॅफिक कसे आहेत? इकडे कोंडिबाकाका आणि रंभाकाकू मजेत. माझं कसं आहे ते पुढे येईलच.

तू 'डेव्हलपरच्या कामाच्या बारा युक्त्या' अशी फाइल पाठवली होतीस, त्यातली सातवी मी वापरली. दर पाच मिनिटांनी नेट आहे का बघायचं. नसेल तर वायफायवरून हुकूम ऐकणाऱ्या प्लगला सांगून राउटर दहा सेकंद बंद, मग चालू. नऊ ओळींचा कोड, वाचायला झकास. इथं नेट दिवसातून चारदा जातं, आणि साहेबांनी गावातून काम करायची परवानगी एकाच अटीवर दिलेली : मीटिंगमधून गायब व्हायचं नाही. म्हणून प्लग आणला, राउटर त्यात खोचला. नेट गेलं. कोडने प्लगला बंद हो म्हणून सांगितलं, तो झाला. आता चालू हो सांगायचं तर वायफाय हवं, आणि वायफाय आम्हीच बंद केलेलं! बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवली म्हण ना. (हे तुझ्या फाइलमध्ये नव्हतं. राग नाही, पण लिहून ठेव.) मी प्लग उपटून फडताळात टाकला आणि राउटर पुन्हा माजघरातल्या भिंतीला लावला. कोड मात्र लॅपटॉपमध्ये चालूच राहिला, हे साफ विसरलो.

काका कुठलीही वस्तू वाया जाऊ देत नाहीत. त्यांनी तो प्लग परसाच्या उतारावर, विहिरीच्या मोटारीला लावला. मग नेट गेलं की कोड बिचारा इमानाने प्लग बंद-चालू करायचा, आणि तिकडे मोटार सुरू! काकांना कोड ठाऊक नाही, पण नियम त्यांना दोन दिवसांत कळला. त्यांचे गुडघे गेलेत, तो उतार म्हणजे त्यांना मरण. त्यामुळे घेवड्याला पाणी द्यायचं झालं की ते माजघरात जाऊन राउटरमध्ये येणारी नेटची वायर हळूच उपसायचे; वायफाय चालूच, नेट तेवढं गायब. (दर पाच मिनिटांनी मोटार दहा सेकंद थांबते, त्याचंही कौतुक, 'इसावा घेती' म्हणतात.) प्लगचं बटण दाबून बंद करायला विहिरीवर धुणं धुणारी काकू होतीच. मी वरच्या खोलीत बसून महिनाभर नेटवाल्याशी भांडत होतो.

चार दिवसांपूर्वी गिऱ्हाइकापुढे माझा डेमो होता. साहेबांनी बजावलं होतं, हा पडला तर सोमवारपासून ऑफिसात. तिसऱ्या मिनिटाला नेट गेलं. खाली धावलो तर काका हातात वायर धरून उभे! "घेवडा सुकाय लागलाय रं, दहा मिन्टं दम धर की," म्हणाले. तोवर डेमो पडलाच. मी वर जाऊन कोड कायमचा बंद केला. त्यानंतर काकांनी दोनदा वायर उपसली, पाणी आलं नाही. मग काठी टेकत उतार उतरून गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं रे.

असो. आईबाबांना नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
शैलेश

ता. क. : सोमवारपासून हिंजवडी. तुझ्या खोलीत आणखी एक गादी मावेल का?

ता. क. दुसरा : पाणी माझ्या लॅपटॉपमुळे यायचं हे काल काकांना सांगितलं, तेव्हा बोलले एकदाचे. "तुला जायाचं तर जा बाबा, पन लॅपटॉप हितंच ऱ्हाऊ दे." माझा लॅपटॉप कंपनीचा. तेव्हा गादी नसली तर जमिनीवर झोपेन, पण तुझा जुना लॅपटॉप तेवढा पाठव, कोड त्यात चालू करून इथं ठेवून येतो.