दोन दाढा, दोन कॉलेजं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात उभा जन्म गेलेली शिक्षिका, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि चष्मा नाकावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे काम या घरात आजवर मीच केले. हे माझे पहिले आणि अखेरचे मृत्युपत्र समजावे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा इतक्यात जाण्याचा विचार नाही, आणि डेंटल कॉलेजच्या प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपते. म्हणून उद्या, रविवारी, जेवणाच्या टेबलावर हे मीच वाचून दाखवीन.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मधली भिंत कोणाची यावर दोघे भांडणार, म्हणून ती मी दोघांनाही देत नाही. ती तिथल्या पालीला दिली आहे.

कलम २. माझी सर्व बचत नातीच्या शिक्षणासाठी. नात म्हणजे माझ्या मुलाची एकुलती एक मुलगी, जिला घरात सगळे खारूताई म्हणतात. तिला दोन डेंटल कॉलेजांत जागा मिळाली आहे. तिची आत्या, म्हणजे माझी मुलगी, स्वतः दातांची डॉक्टर, जुन्या कॉलेजात शिकलेली. तिच्या मते नव्या कॉलेजात फक्त दात घासायला शिकवतात. मुलाला नवेच हवे, कारण तिथे काचेची इमारत आहे आणि गाडी लावायला ऐसपैस जागा. गाडी लावणे त्याला अजून जमत नाही, हे मी त्याची शिक्षिका या नात्याने नमूद करते. खारूताई ज्या कॉलेजात जाईल, तिथली फी या बचतीतून भरावी.

कलम ३. या भानगडीत मी तोंड घातले आहे, आणि ते खरोखरीचे. विद्यार्थ्यांना सरावासाठी रुग्ण लागतात. तेव्हा कोणालाही न सांगता मी डावी दाढ जुन्या कॉलेजात भरून घेतली आणि उजवी नव्या कॉलेजात. खुर्चीत बसल्यावर दोन्हीकडे सांगतात, दुखलं तर हात वर करा. मी दुखत नसतानाही केला. नव्या कॉलेजातला पोरगा दर वेळी थांबला. "काय झालं आजी? पाणी देऊ?" थांबता थांबता त्याची सगळी दुपार गेली. जुन्या कॉलेजातली मुलगी थांबलीच नाही. "सर बघतायत हो आजी, जरा कळ काढा ना!" मी दोन्ही हात वर केले, तरी नाही.

आता निकाल. उजव्या दाढेतले सिमेंट पंधरवड्यात बिस्किटाबरोबर पोटात गेले. डाव्या दाढेने मी आजही बदाम फोडते. सबब कोणते कॉलेज चांगले, हे मला सांगता येत नाही. ज्यांना ते सोफ्यावर बसून सांगता येते, त्यांचे मला कौतुक वाटते.

कलम ४. मुलीने माझी अक्कलदाढ काढताना "आई, तुला काही कळणारसुद्धा नाही" असे म्हटले होते. कळले. ती दाढ कपाटात डबीत आहे, ती तिलाच परत करावी.

कलम ५. गेल्या रविवारी याच टेबलावर मुलगा आणि मुलगी कॉलेजवरून तावातावाने भांडत होते. खारूताईने हात वर केला, खुर्चीतला रुग्ण करतो तसा. कोणी थांबले नाही. बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतला, ताट उचलले आणि ती आत गेली. मला फार वाईट वाटले. हे सगळे लिहायला मी त्या हातामुळे बसले. तरी हे वाचताना तिने हात वर केला, तर वाचन तिथेच थांबवावे आणि ती बोलेपर्यंत सर्वांनी गप्प राहावे. मध्ये जो बोलेल, त्याचा घरातला हिस्सा पालीला.

कलम ६. माझी शिकवणीची गाडी खारूताईला. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. तो काढून टाकूनच गाडी तिच्या ताब्यात द्यावी, कारण शेजारच्या सीटवर तिचा बाप बसणार आहे.

सही: (आजी)
साक्षीदार: गाडीचा मेकॅनिक, शेजारच्या शिंपीणबाई
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: महिन्याचा शेवटचा शनिवार

साक्षीदार मेकॅनिकची नोंद, रविवार: बाईंनी मलाही जेवायला बोलावले होते. कलम पाच संपले आणि नातीने हात वर केला. सगळे थांबले. आधी बाई, मग त्यांची मुलगी, म्हणजे ताई, मग मुलगा, म्हणजे साहेब. त्यांच्या तर तोंडात घास होता. नात म्हणाली, "मी जुन्या कॉलेजात जाणार. दाढ पक्की भरायला तिथं शिकेन. थांबायचं मला आजीनं शिकवलंय."

ताई टाळी वाजवायला गेल्या, तसा हात पुन्हा वर झाला.

"आत्या, तुझं कॉलेज आहे म्हणून नाही हं."