सोरसाहेबांच्या तसबिरीला हार घातला त्याची हकीकत

अल दुहैल, दोहा
ऑक्टोबर २०२२

तीर्थस्वरूप धोंडीराममामा, मध्ये एक अख्खा समुद्र आडवा असल्यामुळे तुमच्या पायांपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा इथूनच कागदावर वाकतो. निवृत्तीचा नमस्कार घ्यावा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? पायऱ्या चढताना अजून आवाज येतो का? मामींनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी सचिनने पोचवली. (सचिन म्हणजे इकडेच दुखानला वेल्डर आहे तो आपल्या आटपाडीचा. हे पत्रही तोच सुट्टीवर येताना आणत आहे.) फोन सोडून पत्र का, असे तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मग मामी, शेजारचे काका आणि दारातून जाणारा जो कोणी असेल तो, असे सगळे एकदम बोलतात आणि माझे वाक्य कधीच पुरे होत नाही. कागदावर मला कोणी अडवू शकत नाही.

मामा, मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की पलूसच्या पाहुण्यांना मुलगा वर्ल्ड कपच्या कमिटीवर आहे असे सांगून ठेवले आहे, आणि बबीता यांचे वडील दिवाळी झाली की लग्न पक्के करायला येणार आहेत. मी कमिटीवर नाही. मी विभावरी मॅडम आणि अवधूत साहेब यांच्या घरची गाडी चालवतो. साहेब गॅस कंपनीत मोठे इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. त्यांची मुलगी नुपूर तेरा वर्षांची. तिला शाळा, पोहणे आणि गिटारचा क्लास इथे नेणे-आणणे हे माझे काम. वाटेत एक स्टेडियम लागते हे खरे, पण त्याच्या शेजारून जाणे आणि कमिटीवर असणे यात फरक आहे. मी हे बोललो तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "मग सांगण्यासारखं काहीतरी करून दाखव की!" तर मामा, करून दाखवले आहे. पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

इथे सध्या सगळ्या गावाला लग्नघराची कळा आली आहे. ज्या रस्त्याने सकाळी गेलो तो संध्याकाळी बंद असतो. इमारतींवर खेळाडूंची चित्रे एवढी मोठी की त्यांच्या एका बुटात आपली ग्रामपंचायत बसेल. या उत्साहात इथल्या मराठी मंडळाने ठरवले की स्वागताचा एक कार्यक्रम करायचा आणि प्रत्येक घराने खेळायला येणाऱ्या एकेका देशाबद्दल काहीतरी सादर करायचे. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या घराला स्पेन आले. (ब्राझील आलेल्या घरात नाचावरून दोन दिवस भांडण चालले होते, त्यामानाने आमचे बरे.) नुपूर गिटार शिकतेच, तेव्हा तिने तिकडच्या कोणा वादकाची एक रचना वाजवावी असे ठरले, आणि तिच्या शिक्षिका हजरा मिस यांनी फर्नांदो सोर यांचे नाव काढले. हजरा मिस मोरोक्कोच्या. बाहेर ऊन फार, म्हणून त्या मला क्लासमध्ये मागच्या खुर्चीवर बसू देतात. तिथे बसून मला सोरसाहेब नुपूरच्या आधी पाठ झाले.

हे सोरसाहेब नुसते स्पॅनिश म्हटलेले मिसना चालत नाही. ते बार्सिलोनाचे, म्हणजे कॅटलान. आपल्याला परक्या माणसाने नुसते इंडियन म्हटले तर आपण मान हलवतो, पण मराठी म्हटले की छाती जरा वर येते, तसेच ते. लहानपणी डोंगरावरच्या एका मठात राहून गाणे शिकले. घरच्यांना वाटे पोराने सैन्यात नाहीतर सरकारी नोकरीत जावे. (घरच्यांना दोनशे वर्षांपूर्वीही हेच वाटत होते, हे ऐकून मला तुमची आठवण झाली.) एकोणिसाव्या वर्षी त्यांचे अख्खे संगीत नाटक बार्सिलोनाच्या रंगमंचावर झाले. मग फ्रेंचांनी देश घेतला आणि साहेबांनी त्यांच्या हाताखाली नोकरी धरली. फ्रेंच हरून परत निघाले तेव्हा यांनाही निघावे लागले, ते कायमचे. पुढे लंडन, मॉस्को, पॅरिस. सगळीकडे टाळ्या मिळाल्या, पण घरी परत जाणे झाले नाही. मला हा भाग गाडी चालवताना आठवतो, म्हणून मी तो सिग्नललाच आठवायचा असा नियम केला आहे.

विभावरी मॅडम मला म्हणाल्या, "निवृत्ती, नुपूरला मराठी वाचता येत नाही आणि माझं लिहिलेलं मलाच लागत नाही. तुझं अक्षर सुवाच्य आहे. चार ओळी ओळख लिहून दे, मी वाचेन." मी बारावीला इंग्रजीत बसलो ते बसलोच, पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घात कोणाला हार गेलो नाही. चार ओळी लिहायला बसलो आणि चार पाने झाली. आता मामा, मोठ्या माणसावर बोलायचे म्हणजे आपल्या शाळेत काय पद्धत होती? टेबल, टेबलावर चादर, त्यावर प्रतिमा, प्रतिमेला हार, बाजूला समई. त्याशिवाय भाषण सुरू केले तर गुरुजी खाली बसवत. मी तेच केले. तसबीर छापून चौकटीत घातली, भारतीय दुकानातून शेवंतीचा ताजा हार आणला. सभागृहात ज्योत लावायला बंदी, म्हणून समई सेलवर चालणारी घेतली. (तिची ज्योत जरा निळी होती. ते मला आधी दिसायला हवे होते.)

कार्यक्रमाला मंडळाचे अध्यक्ष वसंतराव रस्ता वळवल्यामुळे उशिरा आले. सदरा नीट करत थेट स्टेजजवळ आले आणि तसबिरीसमोर थबकले. कोट घातलेला गंभीर गोरा माणूस, गळ्यात हार, समोर दिवा. मी हार सरळ करत होतो. त्यांनी हळू आवाजात मला विचारले, "अवधूतकडचे का रे हे?" मी म्हणालो, "हो सर." तसबीर अवधूत साहेबांच्याच घरून आणली होती. "कुठे गेले?" मी म्हणालो, "पॅरिसला सर. जिभेचा, घशाचा आजार होता." "अरेरे. कामावर होते?" मी म्हणालो, "शेवटपर्यंत शिकवत होते सर." मामा, तुम्हीच सांगा, यातले एक तरी उत्तर खोटे आहे का?

वसंतराव माइकवर गेले आणि जड आवाजात म्हणाले की आपल्या अवधूतरावांचे परदेशी वरिष्ठ, त्यांना घडवणारे त्यांचे गुरू, आपल्यात राहिले नाहीत, तरी सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे. सगळे सभागृह उभे राहिले. अवधूत साहेबही उठले. त्यांच्या कंपनीत गोरे वरिष्ठ तीन आहेत. त्यातले नेमके कोण गेले आणि आपल्याला कसे कळले नाही, या विचाराने त्यांचा चेहरा खरोखरीच दुःखी झाला, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. शेजारच्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. विभावरी मॅडम पडद्याच्या कडेने मला खुणा करत होत्या. त्या खुणांचा अर्थ मला कळत होता, पण शांतता पाळताना पळू नये असे मला वाटले.

स्टेजवर नुपूर गिटार घेऊन बसली होती. हजरा मिसनी तिला बजावले होते की सभागृह पूर्ण शांत झाल्याशिवाय पहिल्या तारेला हात लावायचा नाही. आमच्या मंडळात सभागृह कधीच शांत होत नाही. बटाटेवड्याच्या कागदांचाच आवाज गाण्यापेक्षा मोठा असतो. पण त्या दिवशी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पोरीला वाटले, हे सगळे माझ्यासाठीच उभे आहेत. तिने सुरू केले.

मामा, मला सूर कळत नाहीत. सोरसाहेब नखांनी वाजवत नसत, बोटांच्या मांसाने वाजवत, म्हणून हजरा मिसनी नुपूरलाही नखे कापायला लावली होती, आणि शाळेच्या पार्टीसाठी वाढवलेली ती नखे कापताना ती गाडीत रडली होती, एवढे मला माहीत आहे. त्या मऊ बोटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दारात बाकीची ड्रायव्हर मंडळी उभी होती, तिथपर्यंतही पोचला. कोणाचा मोबाईल वाजला नाही. माना खाली घालून माणसे ऐकत होती, कारण दुसरे काही करायची सोयच नव्हती.

ती थांबली. टाळी नाही. शोकसभेत टाळी कोण वाजवणार? नुपूरचा चेहरा पडला. मॅडमची वाचायची पाने माझ्याजवळच राहिली होती. नुपूर माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते, ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "दादा, वाच ना."

मी माइकपाशी गेलो. पाने सरळ धरली. मी वाचले, "थोर कॅटलान गिटारवादक आणि रचनाकार फर्नांदो सोर यांचा जन्म सतराशे अठ्ठ्याहत्तर साली बार्सिलोना येथे झाला." तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी हिशेब केला आणि तोंडाला पदर लावला. मग हसू मागे पसरत गेले. अवधूत साहेबांनी मोठा श्वास सोडला; तिघेही हयात होते. वसंतराव माझ्यावर ओरडले, "अरे, मग हे आत्ता सांगतोस?" मी म्हणालो, "सर, तुम्ही कुठे गेले ते विचारलंत, कधी ते विचारलंच नाही." मग त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, श्रद्धांजलीला उशीर झालाच आहे, टाळ्यांना तरी करू नका." सगळे उभे होतेच. तशा उभ्या टाळ्या ब्राझीललाही पडल्या नाहीत. त्यानंतर मी चारही पाने वाचली. सोरसाहेब घरी परतले नाहीत या ओळीला मी अडखळलो, तेव्हा दारातून कोणीतरी "यल्ला, निवृत्ती!" म्हणाले (अरबीत चल, पुढे हो) आणि मी पुढे गेलो.

मामींना आणि घरातल्या सर्वांना आठवण सांगा. इथून कळवण्यासारखे चांगले होते ते कळवले.

तुमचा भाचा,
निवृत्ती

ता. क. नुपूरने वाजवलेले सचिनच्या मोबाईलवर आहे. ऐकताना मध्ये कोणाला बोलू देऊ नका.

ता. क. मामा, कमिटीचे तुम्ही स्वतः जाऊन मागे घ्या. ड्रायव्हर आहे, बारावी नापास आहे, पगार वेळेवर होतो, एवढे सांगा. लग्नानंतर हे कळण्यापेक्षा आधी कळून मोडलेले मला चालेल.

ता. क. तुमच्याच्याने हे बोलवणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा हे पत्र, काही न गाळता, बबीता यांच्या हातात द्या. त्यांच्या वडिलांच्या नको. त्यांचा नकार आला तरी मी काही बोलणार नाही. फक्त वाचताना त्या हसल्या का, एवढे नीट बघून कळवा.