विमानांची बोळवण

तळवडे,
ता. १६ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप रंगराव मामांच्या पायी भाचा अर्जुन याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल आहे असे लिहायची रीत आहे, तेव्हा तसे समजावे. आपला गुडघा आणि मामींचा दमा कसा काय आहे, ते मोशीहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती कळवावे.

कारखान्यातल्या आमच्या साहेबांनी मला विमानाचा नकाशा दिला होता. खरे विमान बहात्तर इंच तर आपले एक इंच, असा हिशेब धरून मी अकरा महिने पांगाऱ्याच्या लाकडाचे विमान कोरले (पंख्याचे पाते घासताना अंगठ्याची साल गेली, ती आली). पण मामा, एकट्याने किती कोरायचे? "हे बघा" म्हणायला समोर माणूस लागते. म्हणून तालमीच्या ओट्यावर दर रविवारी मंडळ सुरू केले. लाकूड फुकट, वर चहा. सहा नवशिके आले, तीन आठवड्यांत सहा विमाने झाली, आणि मला वाटले, जिंकलो.

चौथ्या रविवारी धर्माजी (आमचा शेजारी, जन्मभर नांगर धरलेला, पण हात सोनाराचा) गुलाल आणि नारळ घेऊन आला. मी म्हटले, कौतुक आहे. मग सगळे आपापले विमान पाटावर घेऊन निघाले, मीही मागून टाळ्या वाजवत, आणि इंद्रायणीवर पोचल्यावर मंडळींनी आरती करून सहाही विमाने पाण्यात सोडली! मी काठावर आ वासून उभा. पुढच्या रविवारी ओट्यावर मी आणि एक कुत्रे.

विचारले तर धर्माजी म्हणाला, "आता फुडल्या साली. केलं, पुजलं, बोळवलं. घरात ठिवत्यात व्हय?" मी समजावू गेलो की हे फळीवर ठेवायचे असते, आयुष्यभर. त्यावर शालनबाई (तीही त्या सहांतली, चाके सगळ्यांत गोल तिचीच) म्हणाली, "गणपती ठिवतोस का फळीवर?" याला काय उत्तर द्यावे? आपणांस सुचल्यास कळवावे.

शेवटी मी हात टेकले आणि विसर्जन वर्षाऐवजी दर महिन्याला होईल असे जाहीर केले. काय सांगू, आता एकोणीस जण येतात! हे मंडळ चालले आहे की बुडते आहे, मला काही कळेनासे झाले आहे. पण रविवारी ओटा भरलेला असतो आणि मला फार बरे वाटते. मामींना नमस्कार.

आपला,
अर्जुन

ता. क. : येत्या रविवारी पहिला मान गुरूचा, म्हणजे माझ्या विमानाचा, असे मंडळींनी ठरवले आहे. नाही म्हटले तर एकोणीसही जण उठून जातील, म्हणून हो म्हटले. नदी इकडून आपल्याकडेच येते. तरी आपण दुपारपासून मोशीच्या घाटावर जाळे घेऊन उभे राहावे.

आणखी एक : सापडले तरी इकडे आणू नये. आपल्या माळ्यावरच ठेवावे, मी अधूनमधून येऊन बघून जाईन. बाकीची एकोणीस आली तर त्यांना मात्र हात लावू नये, पुढे जाऊ द्यावीत. ती परत मिळाली तर नवी कोण करणार?