शिकायचं कुलूप

बाबा, परवा तुमच्या नातीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "आई, हे घेऊ का? स्वस्त आहे." मी एका ब्लाउजला बाही लावत बसले होते. पाहते तर काचेसारखं आरपार दिसणारं कुलूप, आतल्या पिनासुद्धा दिसताहेत, आणि सोबत काळ्या पाकिटात डझनभर हत्यारं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्या हत्यारांत मी अख्खं गोंदिया खोललं असतं. तिला कॉलेजात हा नवा नाद लागलाय, कुलपं खोलायचा. चोरीसाठी नाही हो, नुसता छंद. कोणी शब्दकोडं सोडवतं, ही कुलूप सोडवणार. मी चष्म्याच्या वरून एकदा पाहिलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "ते खेळणं आहे. त्यात डोळा शिकतो, हात शिकत नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं मी कुलपाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढला तर तुमचंच बोलणं बाहेर आलं.

तिनं तुम्हाला पाहिलेलंच नाही. तिच्यासाठी तुम्ही भिंतीवरचा फोटो. मला मात्र तुम्ही अजून बाजारात दिसता, त्या पोत्याच्या सावलीत, समोर लाकडी पेटी, वर तारेला टांगलेली टिनाची हातभर लांब चाबी. गिऱ्हाईक घाम पुसत येतं, "भैया, चाबी गुम गई," म्हणतं, आणि तुम्ही आधी त्याचा चेहरा पाहता, मग कुलूप. कोरी चाबी दिव्याच्या काजळीवर काळी करता, कुलपात घालून हलकेच दाबता, बाहेर काढता, आणि काजळी जिथं पुसली गेली असेल तिथं काणस चालवता. मी डबा घेऊन यायचे आणि डबा रिकामा झाला तरी उठायचे नाही. दहा वर्षांची असेन. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरत होती, मी बैलासाठी दोन दिवस रडले होते, आणि तुम्ही माझ्या हातावर एक छोटं पितळी कुलूप ठेवलंत. "याच्यात एकच पिन ठेवली हाये. हे खोल, मंग दोनवालं देतो." मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी खुट्ट झालं, कडी वर उडाली, आणि मी बैलाला विसरून गेले.

शिकायचं कुलूप निवडणं हे तुमच्याकडे एक वेगळंच काम होतं. भंगारवाल्याच्या ढिगासमोर तुम्ही उकिडवे बसायचात आणि बाया वांगी निवडतात तशी कुलपं निवडायचात. पहिला प्रश्न ठरलेला, "चाबी हाये का याची?" नसली की ते परत ढिगात. मी म्हणायचे, अहो चाबी नसलेलं तर फुकट देतोय तो! "फुकट देऊन रायला म्हनून घेतं का? ते कुलूप बिघडून हाये का आपला हात चुकून रायला, कसं समजन?" मोठं, जड, दिसायला दणकट असलं की माझा जीव त्यावर जायचा. तुम्ही ते हातातून काढून घ्यायचात. त्यात पिना नसतात, पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्याची तऱ्हा वेगळी, नवशिक्यानं तिथं तोंड घालू नये. अगदी टाकाऊ, खुळखुळणारंही तुम्हाला चालत नव्हतं. ते कशानंही उघडतं आणि माणसाला उगाच माज चढतो. तुम्हाला हवं असायचं साधं पितळी, चार-पाच पिनांचं, चाबी लोण्यासारखी फिरणारं. आणि एकसारखी दोन. एक तसंच ठेवायचं, दुसऱ्याच्या पिना काढून एकेक वाढवत न्यायच्या.

तर काल मी तिला घेऊन बाजारात गेले. घरून, फुलचूरहून ऑटोत बसल्यापासून ती विचारतेय, तुला हे सगळं कसं माहीत. दुकानदारानं समोर आधी सात लिव्हरचं, त्या पत्र्याच्या पट्ट्यांचं धूड ठेवलं. "दीदी, घर के लिए मजबूत वाला लो ना." मी म्हटलं, घरासाठी नको, कमजोरवालं दाखवा, पण फार कमजोर नको. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी एकेक कुलूप कानाशी धरून हलवलं, चाबी घालून अर्धी फिरवली, परत ठेवलं. आठव्या की नवव्या कुलपाला बोटं थांबली. तेच, लोण्यासारखं. मी म्हटलं, अशीच दोन द्या. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, खरं सांग, कोणी शिकवलं?" आणि मी, तुमची लेक, म्हणाले, "मोबाइलवर पाहिलं." ती इतकी हसली की रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. मला व्हिडिओ नीट थांबवतासुद्धा येत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

तुम्ही शिकवलंत असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू सोडलंस का, आणि तो प्रश्न मी तीस वर्षं टाळत आलेय. तुमचा एकच नियम होता. "वापरातल्या कुलपाले हात नाही लावाचा. दुसऱ्याच्या नाही, आपल्या घरच्याबी नाही." मी विचारलं होतं, काऊन? "काऊन म्हंजे? ते बिघडलं त मानूस घराबाहेर रायते." एवढी साधी गोष्ट. गंमत म्हणजे पोरीच्या त्या छंदवाल्या मंडळींचाही हाच नियम आहे, तिनंच वाचून दाखवला.

पंधरा वर्षांची होते मी. चार पिनांपर्यंत आले होते, पाचवी मिळत नव्हती, आणि तुम्ही म्हणत होतात घाई करू नको. मला मनातून राग यायचा. वाटायचं ही सगळी तुम्ही ढिली केलेली कुलपं, माझा हात खरा की खोटा हे मला कळणार कसं? समोरच्या खोलीतली काकू सगळ्या घरासोबत आमगावला लग्नाला गेली होती. दुपारची वेळ, आई तांदूळ निवडता निवडता डुलकी घेत होती. छत्रीच्या काडीला घासून मी स्वतःचं हत्यार केलं होतं. काकूचं कुलूप पाच पिनांचं, साधं, पितळी. मी खाली बसले. किती वेळ गेला कोण जाणे, आणि उघडलं हो बाबा! उघडलं. मी कडीसुद्धा काढली नाही, दार ढकललं नाही, तसंच परत दाबून बंद केलं. तिथंच उठून घरी आले असते तर आज हे लिहायला लागलं नसतं. पण मला वाटलं, उघडलं ते हातानं की नशिबानं? आणि ते पाहायला मी दुसऱ्यांदा बसले. दुसऱ्यांदा काडीचं टोक आत तुटलं. सुईनं उकरलं, केसांच्या आकड्यानं उकरलं, टोक आणखी आत गेलं. कोणाच्या तरी चपला वाजल्या आणि मी घरात पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लोक आले; त्या दिवशी तुम्ही बाजारात गेला नव्हतात. चाबी आत जाईना. हाक तुम्हालाच मारणार, समोरच तर राहत होतो आपण. मी आपल्या दारात उभी. तुम्ही चिमटा घातलात, श्वास धरलात आणि ते टोक बाहेर काढलंत. मी डावखुरी, माझी काणस उलटी चालायची, तिचा उतार नेहमी दुसऱ्या बाजूला पडायचा; त्यावरून तुम्ही मला कितीदा चिडवलं होतं. तुम्ही ते टोक उन्हात धरून पाहिलंत. मग खिशात टाकलंत. "जुनं कुलूप हाये भाऊ. आतली पिन तुटून फसली होती." मी तुम्हाला खोटं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात काकू आतून ओरडत आली की तिचे चांदीचे तोडे नाहीत. गल्ली गोळा झाली. काकूचा नवरा तुमच्या तोंडासमोर म्हणाला, "चाबीवाला समोर राहून रायला, मंग कुलूप कायले लावाचं?" तुम्ही पेटी उचललीत आणि घरात आलात.

तोडे पुढं सापडले, आमगावला तिच्याच सासूच्या पेटीत. चोरी झाली हे सांगायला गल्ली धावली होती, सापडले हे सांगायला कोणी आलं नाही. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुमचा धंदा म्हणजे काय होता? लोक स्वतःहून आपलं दार तुमच्यापुढं ठेवायचे. ते थांबले. तुम्ही दिवसभर पोत्याखाली बसून जुन्याच चाब्या घासत राहायचात. मग कोहमाऱ्याला गेलात. हायवेवर ट्रकवाल्यांना कुठं माहीत होतं गोंदियातलं काही. तिथं एका धाब्याच्या कडेला पेटी मांडलीत, शनिवारी घरी यायचात, रविवारी जायचात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. फक्त माझी शिकायची कुलपं एका थैलीत भरून घेऊन गेलात आणि जाताना म्हणालात, "आता पुरे. शिवनकाम शिक." तेवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी शिवणकाम शिकले, चांगलं शिकले, त्यावर घर चालवलं. आणि सहा वर्षांनी एका बुधवारी कोहमाऱ्याहून निरोप आला की सकाळी चहा घेता घेता तुम्ही कलंडलात. मी पोचले तेव्हा धाबेवाल्यानं तुमच्या अंगावर स्वतःची चादर घातलेली होती. तो रडत होता. तुमच्यासाठी रडणारं गोंदियातलं आमच्याशिवाय कोणी आलं नाही.

काल संध्याकाळी कुलपं टेबलावर मांडून बसलो होतो. मी तिला दाखवत होते, चिमट्यानं पिना कशा काढायच्या, आतली स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा कुठं धरायचा. आणि ती मान खाली घालूनच म्हणाली, "आई, आजोबांनी खरंच चोरी केली होती का गं?" कुठल्याशा लग्नात बायांचं बोलणं तिच्या कानावर पडलेलं, की चाबीवाल्यानं समोरचं कुलूप उघडून तोडे नेले. कितीतरी वर्षं मनात ठेवून होती ती. मी म्हणाले, नाही. अजिबात नाही. तोडे सापडले होते. "मग ते कुलूप कोणी उघडलं?" बाबा, किती सोपं होतं. समोर माझंच लेकरू, रागावली असती तर किती रागावली असती? मी म्हणाले, ते कोणालाच कळलं नाही. ती "हं" म्हणाली आणि स्प्रिंग बसवायला लागली. एकदाचं तुमचं नाव धुऊन निघालं असतं, निदान आपल्या घरात. मी ते पुन्हा तिथंच ठेवलं.

शिलाईचं दुकान उघडून बसलेय, दुपारचं कोणी येत नाही, म्हणून कटिंगच्या वहीत हे लिहून काढलं. तुम्हाला पाठवायचं कुठं? आणि तिला द्यायची छाती नाही. तरी सांगेन म्हणते, या सुट्टीत सांगेन, की कुलूप मी उघडलं होतं आणि तुझ्या आजोबांना ते ठाऊक होतं. एवढं जमेल मला. ती विचारेल, मग तुला कसं वाटलं? आणि मी म्हणेन की मी खूप रडले. पण ते खरं नाही, बाबा. तुम्ही ते टोक खिशात टाकलंत तेव्हा मला हायसं वाटलं, नुसतं हायसं. रात्री तुम्ही ताटावरून न जेवता उठलात. आई तुमच्या मागं गेली. आणि मला सपाटून भूक लागली होती. मी माझं ताट संपवलं, आणि मग तुमच्या ताटातला लाखोळीची डाळ कालवलेला भातही खाल्ला.