बाराबोरला मनाई

॥ श्री ॥
चांदवड,
१ सप्टेंबर १९९७

चि. उज्वला हिस केरूमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळं खुशाल हाय. तुझी मामी गुडघ्यानं कुरकुरते आणि तोंडानं त्याहून जास्त. मका डोक्याच्या वर गेलाय. पण रानडुकरांनी लय उच्छाद मांडलाय. गेल्या महिन्यात पहाटे दोनदा बांधावर काहीतरी काळं हललं, म्हणून मी बार काढला. दोन्ही वेळा ते निवांत चालत गेलं. पळायची तसदीसुद्धा घेतली नाय. मामी म्हणते की तुम्ही हवेला भोकं पाडता. गावातही कुजबूज सुरू झालीय की केरूचा हात गेला. माझ्या बापानं याच बंदुकीनं नाव कमावलं आणि मी ते घालवतो की काय, असं वाटायला लागलंय.

तवा मी ठरवलं, हात बसवायचा. तू नाशकाला ज्या नेमबाजीच्या मैदानावर कारकून झालीस, ते आता सगळ्यांना खुलं केलंय असं पेपरात वाचलं. १४ तारखेच्या रविवारी आपली दुनळी बाराबोर घेऊन येतो. परवाना हाय, काडतुसं माझी. तुझ्या साहेबाला सांगून ठेव की खुद्द तुझा मामा येतोय. घरचाच मामला, म्हणजे चहा मिळेलच.

मामीचा तुला आशीर्वाद. माया हाय तशीच राहू दे.

तुझा मामा,
केरू

---

॥ श्री ॥
नाशिक,
५ सप्टेंबर १९९७

ती. मामांस उज्वलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच हे उत्तर लिहायला बसले. मामा, आमच्या मैदानावर बाराबोर चालत नाही. दाराशीच पाटी आहे: ‘बाराबोरला सक्त मनाई’. आणि ती पाटी दुसऱ्या कोणी नाही, मीच रंगवली आहे. ‘सक्त’ लाल रंगात आहे.

आमचे प्रमुख गोटीराम सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी मला कारण समजावून सांगितलं. आमच्याकडे सहा जण शेजारी शेजारी उभे राहून नेम धरतात, आणि प्रत्येकाच्या समोर आपापलं कागदी कार्ड असतं. तुमच्या काडतुसातले छर्रे नळीतून निघतात तेव्हा मूठभर असतात, पण पुढे जाऊन सुपाएवढे पसरतात. एक बार तुम्ही काढायचा आणि भोकं तिघांच्या कार्डाला! शिवाय मागच्या लोखंडी पत्र्यावरून छर्रे उलटे येतात ते वेगळंच. इथे फक्त एअर रायफल आणि पॉइंट टू-टूची छोटी रायफल चालते.

मामा, मला नोकरी लागून चारच महिने झालेत, अजून कायम केलेलं नाही. पाया पडते, तुम्ही या, पण बंदूक आणू नका. मामींच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणा, तिला कसलीच मनाई नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
उज्वला

---

॥ श्री ॥
चांदवड,
१६ सप्टेंबर १९९७

चि. उज्वलास आशीर्वाद. (अनेक आणि उत्तम लिहायची या वेळी इच्छा नाय.)

तुझं पत्र मिळालं होतं. मला वाटलं, पोरगी कागदावर म्हणते, तोंडावर थोडीच म्हणेल? म्हणून रविवारी आलो. बंदूक गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं की पेशंट हाय का. मी सांगितलं, जावई हाय, निजू द्या. अख्ख्या गाडीनं मला ऐसपैस जागा दिली.

आणि तू? वीस माणसांसमोर तू मला विचारलंस की नाव काय, हत्यार कोणतं! तुझी आई गेल्यावर बारावीपर्यंत ज्यानं तुला सायकलवर डबलसीट शाळेत पोचवलं, त्याचं नाव तुला ठाऊक नव्हतं होय? मी म्हणालो, एकच बार काढतो, दोन म्हणत नाय. तर तू पाटीकडं बोट दाखवलंस. मागचं एक पोरगं फिदीफिदी हसलं. मी पाणीसुद्धा न पिता दुपारच्या गाडीनं परत आलो.

दिवाळीला ये. माहेर हाय तुझं. पण मी तुझ्याशी बोलणार नाय, हे आधीच कळवून ठेवतो. चटणीचा डबा रागाच्या भरात परत आणला, तो मामीनं ठेवलाय.

लोभ हाय, पण सध्या आतल्या खोलीत ठेवलाय.

केरू

---

॥ श्री ॥
नाशिक,
२५ सप्टेंबर १९९७

ती. मामांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही गेलात आणि मी रजिस्टरमध्ये डोकं घालून रडले. तुमच्या नावासमोर शाई पसरली आहे, सुभेदारांना अजून वाटतं की पेन गळतं. नाव विचारलं ते सगळ्यांनाच विचारावं लागतं म्हणून. पण विचारताना मी रजिस्टरमधून मान वर केली नाही, तेवढं तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

तरी एक सांगते. तुमच्यानंतर तासाभराने एका पुढाऱ्याचा मेहुणा दोन माणसं आणि दुनळी घेऊन आला. आरडाओरडा करू लागला. तेव्हा ते हसणारं पोरगंच त्याला म्हणालं की साहेब, या बाईंनी आताच सख्ख्या मामाला परत पाठवलंय, तुमचा नंबर कुठे लागणार? तो मुकाट्याने गेला. मामा, तुम्हाला आत घेतलं असतं तर त्याला कोणत्या तोंडाने अडवलं असतं?

आता सुभेदारांनीच तुम्हाला बोलावलं आहे. १२ ऑक्टोबर, रविवार, रिकाम्या हाताने. आमची एअर रायफल तुम्हाला देणार आहेत. एका वेळी एकच बारीक गोळी, एकच भोक. ते म्हणाले की ज्याला बंदुकीवरून एवढा राग येतो, त्याचा नेम बघायलाच हवा.

याल ना? राग आणलात तरी चालेल, त्याला पाटी नाही.

आपली,
उज्वला

---

॥ श्री ॥
नाशिक,
१३ ऑक्टोबर १९९७

ती. मामींस उज्वलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मामा काल येऊन गेले. घरी आल्यावर त्यांनी ‘रायफल वाकडी होती’ एवढंच सांगितलं असेल. त्यांनी मला बजावलं आहे की मामीला एक अक्षर कळवायचं नाही. म्हणून मुद्दाम तुम्हालाच लिहिते आहे.

मामांनी दहा गोळ्या मारल्या. मिशीला पीळ देऊन कार्ड मागवलं. कार्ड कोरं! शेजारी कॉलेजची एक मुलगी होती. तिनेही दहाच मारल्या होत्या, पण तिच्या कार्डावर मात्र वीस भोकं. ती बिचारी घाबरून सारखी आपलीच रायफल तपासत होती. मामी, मामांनी दहाच्या दहा गोळ्या तिच्या कार्डावर मारल्या होत्या.

रायफल वाकडी आहे असं मामा म्हणाले, तेव्हा सुभेदारांनी तीच घेऊन बरोबर मध्यावर गोळी मारली. मग मामांना जवळ घेऊन विचारलं की कार्डावरचा आकडा कोणता. मामा म्हणाले की आकडा कसला, भिंत मळलीय तिथं. एवढे मोठे पाच आकडे आहेत, मामी, माझ्या तळहाताएवढे.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बाहुलीतला पांढरट ठिपका मलाही दिसला. सुभेदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूठभर छर्रे उडवले की त्यातला एखादा कुठेतरी लागतोच, त्यामुळे माणसाला आपली नजर गेलेली कळत नाही. एकट्या गोळीत ते लपत नाही.

निघताना मामांनी मला हळूच विचारलं की पोरी, माझा हात नाही ना गेला? मी सांगितलं की हात शाबूत आहे. त्यावर त्यांनी माझी पर्स स्टँडपर्यंत स्वतः धरली.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी नाव घातलं आहे. ते नाही म्हणतील. तुम्ही त्यांना होय म्हणायला लावा, ती विद्या फक्त तुमच्याकडे आहे.

आपली,
उज्वला

---

॥ श्री ॥
चांदवड,
२० डिसेंबर १९९७

चि. उज्वला हिस केरूमामाचे अनेक, उत्तम आणि मागले थकलेले असे सगळे आशीर्वाद. वि. वि.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटून महिना झाला. पोरी, जग लय स्वच्छ हाय गं! मला वाटायचं, आपल्याकडं धुकं फार पडतं. पट्टी सुटल्यावर मी मामीला म्हणालो की सखू, तुझे केस कधी पांढरे झाले? दोन दिवस चहा मिळाला नाय. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर हाय, तोवर तिच्याकडं त्याच डोळ्यानं बघायचं ठरवलंय.

पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाय. जे घडलं ते अजून मामीलाही नीट सांगवलं नाय.

परवा पहाटे मी कांद्याला पाणी द्यायला गेलो. बांधावर काळं काहीतरी हललं. जुनीच जागा, जुनीच वेळ. मी दबकत पुढं गेलो आणि या नव्या डोळ्यानं बघितलं. डुक्कर नव्हतं ते. आपली शेजारीण झुंबरबाई होती. काळी घोंगडी पांघरून, कमरेत वाकून गवत कापत होती. मी विचारलं, कधीपासून येतेस? म्हणाली की मालक वारल्यापासून सहा वर्षं रोज येते, म्हशीसाठी, याच टायमाला.

उज्वला, मी तिथंच बसलो. पावसाळ्यात मी त्या जागेवर दोन बार काढले होते. ते निवांत चालत गेलेलं डुक्कर कोण होतं, हे मला तवा कळलं. तुझ्या मैदानात मला शिरू दिलं असतंस, तर मूठभर छऱ्यांनी कार्डाची चाळण करून मी मिशी पिळत घरी आलो असतो. आणि मग तिसरा बार काढला असता.

त्याच दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदारानं कारण विचारलं. मी सांगितलं, मालक बिनभरवशाचा.

मग झुंबरबाईच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. न सांगून चाललं असतं, पण मला जेवण जाईना. ती अगोदर हसली. म्हणाली की मला वाटायचं, केरूदादा माझ्या मागची डुकरं हाकलतोय, राखण करतोय बिचारा, म्हणून मी निवांत चालायची. मग तिला पुरतं उमगलं. आणि त्यानंतर तिनं माझ्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. दमल्यावर तिनं दोन तांबे पाणी आणलं. एक स्वतः प्यायली, एक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली की उद्यापासून पहाटे या, भारा डोक्यावर चढवू लागायला माणूस नसतं मला.

म्हणून आता रोज जातो. भारा जड असतो, आणि ती अजून रोज थोड्या शिव्या देते. आज जरा कमी दिल्या.

माया वाढती असू दे.

तुझा मामा,
केरू